दररोज ३० टन कंपोस्ट : टर्नर, श्रेडर आणि चाळणी कोणती घ्यावी?

सिंदफणाकाठ, ४ जानेवारी

नमस्कार. आमची शेतकरी उत्पादक कंपनी माजलगाव तालुक्यात आहे. सभासदांची बरीचशी जमीन कालव्याखाली असल्याने ऊस भरपूर आहे, आणि वरच्या अंगाच्या रानांत कापूस, सोयाबीन व तूर. गेली काही वर्षे आम्ही नाडेप पद्धतीच्या जाळीदार विटांच्या हौदांतून आणि साध्या ढिगांतून खत तयार करत आलो. त्याला गावातच मागणी निघाल्यामुळे आता वर्षाला ९,००० टन कच्चा माल हाताळेल असे यार्ड उभारण्याचे संचालक मंडळाने ठरवले आहे. ३०० दिवसांनी भागले तर दिवसाला ३० टन होतात. कच्च्या मालात साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), सभासदांकडचे शेण, पाचट, सोयाबीनचे भुसकट आणि पऱ्हाटी धरली आहे. गावालगत तीन एकर काळी जमीन भाडेपट्ट्याने मिळाली आहे.

आजवर तीन दरपत्रके आली. पहिले ट्रॅक्टरला जोडण्याच्या टर्नरचे, म्हणजे खताची लांब रास पलटणाऱ्या यंत्राचे, सुमारे नऊ लाखांचे. दुसरे स्वयंचलित टर्नरचे, अडतीस लाखांचे; हे यंत्र राशीच्या दोन्ही बाजूंना चाके ठेवून तिच्यावरून चालत जाते. तिसरे एका बंद ड्रमचे असून त्यात चोवीस तासांत तयार खत मिळते, असा विक्रेत्याचा दावा आहे. याखेरीज श्रेडर (काड्यांचा चुरा करणारे यंत्र), लोडर आणि चाळणी घ्यावी लागणार आहे. आमच्याकडे ४५ अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर आहे. मंडळातले काही जण म्हणतात की एकदाच काय ते मोठे यंत्र घ्यावे, तर काहींचे म्हणणे असे की गावात जेसीबी भाड्याने मिळत असताना टर्नर हवाच कशाला. ज्यांनी असे यार्ड प्रत्यक्ष चालवले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काळे रान, ४ जानेवारी

दरपत्रके काही दिवस कपाटात ठेवा. मी जालना जिल्ह्यात नऊ वर्षे यार्ड चालवतो आणि पहिली दोन वर्षे मी चुकीच्या यंत्रावर घालवली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

दिवसाला ३० टन हा आकडा कागदावर ठीक आहे, यार्डात तो एकाही दिवशी दिसणार नाही. प्रेसमड गाळप हंगामातच येतो, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. पऱ्हाटी जानेवारी-फेब्रुवारीत निघते, कारण गुलाबी बोंडअळीच्या भीतीने कापूस फार दिवस ठेवू नये असे कृषी विभागही सांगतो आणि शेतकऱ्यालाही रान मोकळे करायचे असते. भुसकट मात्र त्याआधीच, सोयाबीनची मळणी होताच येऊन पडते. जानेवारीत तुमच्या दारात ६० टन उभे राहतील आणि जुलैत १० टनांचीही मारामार होईल. म्हणून यंत्राची क्षमता सरासरीवर धरू नका. एक तर हंगामातल्या गर्दीवर धरा, नाही तर कोरडा माल साठवायला जागा ठेवून ती गर्दी वर्षभरात वाटून घ्या. मी दुसरा मार्ग घेतला. भुसकट आणि पाचट यांच्या गंजी कमी खर्चात राहतात. टर्नरचे हप्ते मात्र जुलैतही भरावे लागतात.

पुढची गोष्ट घनतेची. ३० टन म्हणजे किती घनमीटर, हे तुम्ही कुठे लिहिलेले नाही. विक्रेत्याच्या पत्रकात बहुधा घनमीटरला ५०० किलो धरलेले असेल. वीस लिटरची एक बादली घ्या. ज्या प्रमाणात मिश्रण करणार आहात त्याच प्रमाणात कालवून ती तीन टप्प्यांत भरा आणि प्रत्येक टप्प्यावर दहा वेळा वीतभर उंचीवरून जमिनीवर आपटा. काठोकाठ भरल्यावर वजन करा. दहा किलो भरले तर पत्रक खरे आहे.

तिसरी गोष्ट तुमचा ट्रॅक्टर. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, पीटीओ (जोडलेले यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून, तो ५० मीटर अंतर किती वेळात तोडतो ते घड्याळ लावून मोजा आणि इथे लिहा. कारण नंतर सांगतो.

मातीचा माणूस, ५ जानेवारी

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालो आहे. ओलावा आणि कर्ब-नत्र गुणोत्तर (मालातल्या कार्बनचे नायट्रोजनशी प्रमाण) ही दोन्ही गणिते यंत्राआधी मांडावीत, कारण पाण्याचा टँकर, पंप आणि श्रेडर यांची गरज त्यांवरूनच ठरते.

प्रेसमडमध्ये साधारण ७० टक्के पाणी असते आणि वाळलेल्या भुसकटात १२ टक्क्यांच्या आसपास. २० टन प्रेसमड आणि १० टन भुसकट एकत्र केले तर एकूण पाणी १४ अधिक १.२, म्हणजे १५.२ टन होते. ३० टनांत ते जवळपास ५१ टक्के भरते. आपल्याला ५० ते ६० टक्के हवे असल्यामुळे हंगामात वरून पाणी घालण्याची फारशी गरज पडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांतले चित्र मात्र निराळे असते. ५५ टक्के ओलाव्याची एक टन रास ४० टक्क्यांवर उतरली, तर ती पूर्ववत करायला सुमारे २५० लिटर पाणी लागते. हा हिशेब ३० टनांना लावला तर साडेसात हजार लिटर होतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तशा वर्षी खताच्या राशीवर टँकर रिकामा करणारी संस्था गावाच्या नजरेतून उतरेल. त्यामुळे यार्डाच्या खालच्या अंगाला शेततळे हे यंत्रसामग्रीतच धरा.

कर्ब-नत्र गुणोत्तर सुरुवातीला २५ ते ३० असावे. पाचटाचे हे गुणोत्तर १०० च्या घरात जाते आणि पऱ्हाटीही लाकडाच्या जवळची आहे, म्हणून शेण किंवा कोंबडखत यांची जोड हवीच. पऱ्हाटीचे तुकडे बोटाच्या पेराएवढे झाले नाहीत तर गुणोत्तर कागदावर बरोबर आणि राशीत काड्या जशाच्या तशा, असे होते.

तेरणामाई, ५ जानेवारी

बंद ड्रमबद्दल कोणी काही लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या बचत गटाला धाराशिव जिल्ह्यात असे एक यंत्र दाखवले गेले होते. चोवीस तासांनी त्यातून बाहेर येतो तो वाळवलेला आणि दळलेला कचरा असतो. त्यातला एक ओंजळभर माल आम्ही ओला केला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवला आणि चौथ्या दिवशी पिशवी उघडली, तेव्हा अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून उठून गेल्या. पक्व खताला या परीक्षेनंतरही पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. असे अर्धे कच्चे खत पिकाला दिले तर कुजण्याची क्रिया मुळांजवळ सुरू होते आणि जमिनीतला नत्र तीच आधी खाऊन टाकते. विक्रेत्याला पिशवीची ही परीक्षा तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. तो पुन्हा फोन करणार नाही.

सिंदफणाकाठ, ८ जानेवारी

सर्वांचे आभार. ड्रमचे दरपत्रक आम्ही बाजूला काढले आहे.

बादली तीन वेळा भरली आणि तिन्ही वेळा वजन सात किलोच्या आसपास आले, म्हणजे घनमीटरला ३५० किलो. त्यामुळे दिवसाचे ३० टन म्हणजे ६० घनमीटर नसून ८६ घनमीटर आहेत. नाडेपचा १० बाय ६ बाय ३ फुटांचा हौद जेमतेम ५ घनमीटरचा असतो. त्या मापाने दररोज सतरा हौद भरावे लागतील, हे मंडळाला सांगितल्यावर बैठकीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

ट्रॅक्टरही मोजला. गावाबाहेरच्या रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या आणि पुतण्याला मोबाइल देऊन शेवटच्या रेघेवर उभे केले. सर्वांत खालच्या गिअरमध्ये ५० मीटरला ८० सेकंद लागले.

काळे रान, ८ जानेवारी

म्हणजे ताशी सव्वादोन किलोमीटर. टर्नरला ताशी २०० ते ५०० मीटर एवढाच वेग चालतो. ५० मीटरला किमान सहा मिनिटे तरी लागली पाहिजेत. तुमचा ट्रॅक्टर चारपटींहून अधिक वेगाने पळतो आहे. चालक क्लच दाबत-सोडत पुढे जाईल, ड्रमसमोर माल तुंबेल, पीटीओचा शाफ्ट पिळेल, आणि सहा महिन्यांत क्लचप्लेट व शाफ्ट या दोन्हींची बिले हातात येतील. मी या दोन्ही गोष्टी केल्या आहेत. विकणाऱ्याने मला फक्त अश्वशक्ती विचारली होती, गिअर विचारला नाही, आणि मलाही तो सुचला नाही.

क्रीपर गिअर (अगदी मंद चालीचा गिअर) असलेला, आणि पुढे जाणे थांबले तरी पीटीओ फिरता राहील असा दुहेरी किंवा स्वतंत्र क्लचचा ट्रॅक्टर हवा. अश्वशक्ती ५० ते ६० धरावी; प्रेसमडची ओली रास हलकी नसते. काही ट्रॅक्टरांना क्रीपर गिअर नंतरही बसवून मिळतो, पण बसवणाऱ्याकडून वेग लेखी घ्या आणि पुन्हा चुन्याच्या रेघा मारा.

आता राशींचा हिशेब. तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच राशीचा आडवा छेद सुमारे ३ चौरस मीटर भरतो. ८६ घनमीटरांची रोज २९ मीटर लांब रास होईल. पहिल्या पंधरा दिवसांत ती बसून जवळपास अर्धी होते, तेव्हा दोन राशी एकत्र करून एक करायची. पहिल्या पंधरा दिवसांच्या ४३५ मीटर आणि पुढच्या तीस दिवसांच्या ४३५ मीटर, अशी एकूण ८७० मीटर रास एका वेळी यार्डावर असेल. ट्रॅक्टर बाजूने चालत असल्यामुळे दोन राशींत तीन मीटरची वाट लागते, म्हणजे सहा मीटर गुणिले ८७०, साधारण सव्वा एकर. स्वयंचलित यंत्राला एक मीटरची फट पुरते आणि जागा पाऊण एकराच्या थोडी वर जाते. तुमच्या जागेत जेमतेम अर्धा एकर वाचवण्यासाठी एकोणतीस लाख जादा मोजायचे का, हे मंडळाने ठरवावे. पुण्यालगत असता तर मीच तुम्हाला स्वयंचलित घ्या म्हणालो असतो.

पहिल्या पंधरवड्यात दर तिसऱ्या दिवशी आणि नंतर आठवड्यातून एकदा पलटी धरली तर रोज सुमारे २०७ मीटर रास पलटायची आहे. बाजूने ओढला जाणारा टर्नर एका फेरीत अर्धीच रास घेतो, म्हणून ४१४ मीटर चालणे होते. वळणे आणि पाणी धरून हे अडीच तासांचे काम आहे. जेसीबीने माझ्याकडे तासाला ४० मीटर रास व्हायची, म्हणजे तुम्हाला रोज पाच तास लागतील. तासाला अकराशे रुपये भाडे धरले तर ३०० दिवसांचे साडेसोळा लाख होतात, आणि तरीही राशीच्या पोटातले ढेकूळ फुटत नाही ते नाहीच. जेसीबी माल उचलून दुसरीकडे ठेवतो. टर्नर तो भुरभुरून मोकळा करतो, त्यात हवा भरते.

घणऐरण, ९ जानेवारी

मी लातूरच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशन करतो. टर्नर मी बनवत नाही, पण दुरुस्तीला माझ्याकडे येतात, त्यामुळे मोडतात कुठे ते ठाऊक आहे.

टर्नर घेताना रंग पाहू नका, खाली बसून ड्रम पाहा. पाती नटबोल्टने बसवलेली असावीत. वेल्डिंगने जोडलेली पाती झिजली की सगळा ड्रम कारखान्यात न्यावा लागतो. ड्रमच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर पत्र्याचे संरक्षक कडे आहे का, आणि ग्रीसचे निपल ड्रम न उतरवता हाताला लागते का, ते बघा. गेल्या हंगामात माझ्याकडे आलेल्या एका टर्नरच्या ड्रमवर ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंग पेपर आणि कडब्याच्या पेंढ्यांची सुतळी इतकी घट्ट गुंडाळली होती की पाती दिसत नव्हती. दोन पोरांनी कोयता आणि हॅक्सॉ घेऊन अर्धा दिवस ते कापले. आतल्या बेअरिंगचे सील नळीच्या पिळाने फाटले होते आणि ग्रीसच्या जागी काळी माती भरली होती. पाचट आणि पऱ्हाटी शेतातून येते तेव्हा ठिबकच्या नळ्या तिच्यासोबत येणारच. माल उतरतानाच त्या वेचायला दोन माणसे ठेवा.

हीच गोष्ट श्रेडरची. पऱ्हाटीच्या सालीचे दोरखंडासारखे तंतू निघतात आणि शाफ्टला गुंडाळतात. नुसत्या पात्यांच्या कुट्टी यंत्रावर पऱ्हाटी घालू नका. पाती आणि हातोड्या दोन्ही असलेले, खाली बदलता येणारी जाळी असलेले यंत्र घ्या. वर्षातले दोनच महिने चालणार असेल तर विकत घेण्यापेक्षा ट्रॅक्टरवरचा फिरता श्रेडर भाड्याने लावून पऱ्हाटीचा बांधावरच चुरा करून आणावा, असे माझे मत आहे, यात माझ्या धंद्याचे नुकसान असले तरी. अख्ख्या काड्यांनी भरलेली ट्रॉली म्हणजे निम्मी हवा वाहून नेणे.

तेरणामाई, ९ जानेवारी

श्रेडरवर बायका काम करणार असतील तर माल टाकण्याचे तोंड हाताच्या लांबीपेक्षा खोल असू द्या, पट्ट्यांवर जाळी बसवा आणि बंद करण्याचे लाल बटण माल टाकणारीच्या हाताशी ठेवा, मोटारीपाशी नको. पदर आणि ओढणी यांवर चर्चाच नको. कामावर अंगाबरोबर बसणारा ॲप्रन सक्तीचा करा.

मातीचा माणूस, १० जानेवारी

राशीच्या तापमानासाठी एक मीटर लांब दांड्याचे दोन-तीन तापमापक घ्यावेत. सर्व यंत्रांत हे सर्वांत स्वस्त आहेत आणि बहुतेक यार्डांत तेच नसतात. उघड्या राशीत ५५ अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमान पंधरा दिवस टिकावे आणि त्या काळात किमान पाच पलट्या व्हाव्यात, हा सर्वमान्य दंडक आहे. वर काळे रान यांनी दिलेल्या वेळापत्रकात तो बरोबर बसतो. गाजर गवताचे बी शेतात पुन्हा जाऊ नये अशी इच्छा असेल, तर या नोंदी वहीत रोज असल्या पाहिजेत.

सिंदफणाकाठ, १३ जानेवारी

आणखी तीन प्रश्न आहेत. चाळणी किती मिलिमीटरची घ्यावी? काळ्या जमिनीवर यार्डाचा तळ कसा करावा? एका सभासदाने परळीच्या औष्णिक केंद्राची राख मुरुमात मिसळून तळ करण्याचे सुचवले आहे, ते योग्य होईल का? शिवाय जवळच्या एका नगरपरिषदेने ओला कचरा फुकट देण्याची तयारी दाखवली आहे. तो घ्यावा का?

मातीचा माणूस, १३ जानेवारी

राख नको. टर्नरची पाती तळ थोडाफार खरवडतातच आणि तळात जे असेल ते खतात येते. खत नियंत्रण आदेशातल्या शहरी कंपोस्टच्या निकषांत सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के लागतो. माती, मुरूम किंवा राख मिसळत गेली की पहिला फटका या आकड्याला बसतो. त्याच निकषांत ओलावा १५ ते २५ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी, सामू ६.५ ते ७.५ आणि क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असे सांगितले आहे. कोणी प्रेसमडबरोबर आसवनीचा स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) देऊ केला तर क्षारतेचा हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

काळे रान, १४ जानेवारी

तळाबद्दल माझे मत कडक आहे. तळ आधी, टर्नर नंतर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ट्रॅक्टर जूनमध्ये रुतला की दिवाळीपर्यंत पलटी बंद. दोन फूट काळी माती काढून बांधावर टाका. वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांत मुरूम भरून प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. उतार शंभर मीटरला एक ते दीड मीटर द्या आणि राशी उताराच्या दिशेने लांब घाला. आडव्या घातल्या तर प्रत्येक रास बंधारा होते आणि तिच्या मागे काळे पाणी साचते. सिमेंटचा कोबा फक्त श्रेडर आणि चाळणीच्या शेडखाली पुरे.

२०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी आठवा. एक एकर यार्डावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होते. ते अडवणारे तळे नसेल तर ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाते आणि मग यंत्राची चर्चा संपून पंचनाम्याची सुरू होते. तेच पाणी उन्हाळ्यात राशींवर परत मारायचे. वर आलेला साडेसात हजार लिटरांचा प्रश्न त्यातून निम्मा तरी सुटतो.

नगरपरिषदेचा कचरा घेऊ नका. निदान पहिली दोन वर्षे नको. तो घेतला की निवडीचा पट्टा, लोहचुंबक, काच वेगळी करणे, कुत्री आणि माश्या हे सगळे आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी औरंगाबाद शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्यानंतर शहरात जे झाले ते सर्वांनी पाहिले आहे. वासाबद्दल लोक एकदा चिडले की तुमच्या चांगल्या खतावरही विश्वास ठेवत नाहीत.

घणऐरण, १४ जानेवारी

चाळणीचा प्रश्न गिऱ्हाइकावर अवलंबून आहे. पोत्यात भरून आदेशाप्रमाणे विकायचे असेल तर किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. सभासदांच्या शेतावर ट्रॉलीने टाकायचे असेल तर १२ मिलिमीटर पुरते. यात फरक फक्त जाळीचा नाही. ४ मिलिमीटरवर माल निम्म्याहून कमी वेगाने उतरतो आणि ओलावा पंचवीस टक्क्यांच्या वर गेला की जाळी लिंपली जाते, जणू कोणी शेणाने सारवली.

म्हणून दोन टप्प्यांची फिरती चाळणी करून घ्या, पुढचा भाग १२ चा आणि बदलता येणाऱ्या चौकटीवर ४ चा. दीड मीटर व्यासाच्या ट्रॉमेलला, म्हणजे अशा गोल फिरत्या चाळणीला, मिनिटाला १४ ते १७ फेरे योग्य असतात. ३४-३५ च्या पुढे माल जाळीला चिकटून गोल फिरत राहतो, खाली पडतच नाही. उतार ३ ते ५ अंश ठेवावा आणि तो स्क्रूने बदलता यावा. वरून जाळी साफ करणारा नायलॉनचा ब्रश हवाच. हे सगळे लातूर, जालना किंवा वाळूजमध्ये तयार होते. बाहेरच्या राज्यातून आणण्याची गरज नाही.

मोटारींबाबत एकच सांगतो. एक फेज गेला की मोटार जळते. प्रत्येक मोटारीला सिंगल फेजिंग प्रतिबंधक लावा आणि श्रेडर व चाळणी एकाच वेळी सुरू करू नका. शेतीपंपाच्या जोडणीवर हे चालवता येणार नाही, त्यामुळे महावितरणकडे वेगळ्या जोडणीचा अर्ज आजच द्या. यंत्रे येतील आणि वीज नसेल, असे मी दोन ठिकाणी पाहिले आहे.

ताळेबंद, १६ जानेवारी

मी कृषी कर्जे तपासण्याचे काम करतो. २०२० पासून सुरू असलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर वर्षाला ३ टक्के व्याजसवलत सात वर्षांपर्यंत मिळते आणि सेंद्रिय निविष्ठांचे उत्पादन त्यात बसते. मात्र प्रकल्प अहवालात यंत्रांची किंमत ठळक आणि तळ, तळे, वीज, शेड हे एका ओळीत, असे असते तेव्हा आम्ही फाइल परत पाठवतो. वरची चर्चा वाचली तर तळ आणि तळे मिळून टर्नरइतका किंवा त्याहून जास्त खर्च सहज होईल.

टर्नरच्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या. पातींचा एक पूर्ण जादा संच यंत्राबरोबरच मिळावा. बेअरिंग बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित क्रमांकाचेच असावे. आणि शेवटचा २० टक्के हप्ता तुमच्या यार्डावर, तुमच्या मालावर, तुमच्या ट्रॅक्टरने चाचणी झाल्यावर द्यावा. कारखान्याच्या अंगणात कोरड्या मातीच्या ढिगावर दाखवलेले प्रात्यक्षिक ग्राह्य धरू नये.

काळे रान, १६ जानेवारी

लोडर राहिला. राशी एकत्र करणे, चाळणीत माल टाकणे, ट्रॉली भरणे ही कामे रोजची आहेत. जुना जेसीबी घेण्यापेक्षा दुसऱ्या ट्रॅक्टरला पुढे बसणारा लोडर लावा, आणि बादली मोठी, हलक्या मालाची घ्या. मातीची लहान बादली लावली तर फेऱ्या दुप्पट होतात. तुमचा जुना ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर याच कामाला लागेल, तो विकू नका.

सिंदफणाकाठ, २२ फेब्रुवारी

उशिरा लिहितो आहे. मध्यंतरी आम्ही चार जण काळे रान यांच्या यार्डावर जाऊन आलो. त्यांच्या घरच्या शेंगदाण्याच्या चटणीबद्दल इथे लिहिले तर विषयांतर होईल, म्हणून आवरते घेतो. सकाळी सात वाजता राशीतून वाफ निघत होती. तापमापक ६३ अंश दाखवत होता. टर्नर पुढे गेला की मागे राहणारी रास भाकरीच्या पिठासारखी मोकळी पडत होती. आमच्या सचिवांनी मूठ वळून पाहिली. बोटांच्या फटीतून पाणी आले नाही आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला नाही. तिथेच त्यांनी स्वयंचलित यंत्राचा आग्रह सोडला.

ठरले ते असे. क्रीपर गिअर आणि दुहेरी क्लचचा ५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला जाईल. विक्रेत्याच्या अंगणात आम्ही चुना घेऊनच गेलो होतो. ५० मीटरला सात मिनिटे लागली, म्हणजे ताशी सव्वाचारशे मीटरांच्या आसपास. टर्नर ट्रॅक्टरने ओढायचाच, नटबोल्टच्या पातींचा आणि पाण्याच्या फवारणी नळीसह. ताळेबंद यांनी सुचवलेल्या तिन्ही अटींपैकी विक्रेत्याने दोन लगेच मान्य केल्या आणि २० टक्के रोखून ठेवण्याच्या अटीवर तो १० टक्क्यांवर आला आहे. जुन्या ट्रॅक्टरला पुढचा लोडर. श्रेडर यंदा भाड्याचा, त्यावर मार्चअखेर पुन्हा विचार करू. चाळणी घणऐरण यांच्या मापांनी लातूरला करायला दिली आहे. पहिले वर्ष सभासदांनाच माल द्यायचा असल्याने फक्त १२ मिलिमीटरची जाळी, चौकटीत ४ ची जागा राखून. नगरपरिषदेला नम्रपणे नकार कळवला. वीजजोडणीचा अर्ज दिला आहे.

काळी माती उपसण्याचे काम निम्म्यावर आले आहे. एका कोपऱ्यात दोन फुटांखालीही मुरूम न लागता काळीच निघाली, तिथे अजून एक फूट खोल जात आहोत. त्यामुळे टर्नरची आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही. रोलर सोमवारी येतो.

काळे रान, २२ फेब्रुवारी

त्या कोपऱ्यात चाळणीचे शेड घालू नका, तिथे कोरड्या भुसकटाची गंज लावा. आणि रोलर येण्याच्या आदल्या संध्याकाळी मुरुमावर पाणी मारून ठेवा.